वरचा दोरा तुटला तेव्हा: बल आणि जडत्व शिकवताना फसलेल्या प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नववीचा वर्ग, विषय गतीचे नियम. शिकवणाऱ्या बाईंच्या गाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव. मी त्यांचा सहकारी, विज्ञानच शिकवतो. त्या आठवड्यात माझे तास मोकळे होते म्हणून मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होतो. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रयोग, मापं आणि चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत, आणि चुकांमध्ये माझीही एक आहे.

बल आणि जडत्व या भागासाठी बाईंनी दोन तास धरले होते. पहिल्या तासाला जुना, सगळ्या विज्ञान शिक्षकांना पाठ असलेला प्रयोग करायचा ठरला. आडव्या दांडीला दोरा बांधायचा, त्याला एक जड गोळा टांगायचा आणि गोळ्याच्या खालच्या हुकाला तसाच दुसरा दोरा बांधून मोकळा सोडायचा. खालचा दोरा हळूहळू ओढत नेला की वरचा दोरा तुटतो. तोच झटकन हिसकला की खालचा तुटतो. दोरे एकसारखे, गोळा तोच, ओढणारा हातही तोच असताना तुटण्याची जागा बदलते, आणि म्हणून हा प्रयोग मुलांच्या लक्षात राहतो.

गोळा अर्ध्या किलोचा, लोखंडी. दोरा शिवणकामाचा, सुती. खाली वाळूने भरलेला ट्रे ठेवला होता, कारण वरचा दोरा तुटला की गोळा कुणाच्या पायावर पडेल याचा नेम नसतो.

काय घडलं

बाईंनी सुरुवातीलाच निकाल सांगून टाकला. "हळू ओढलं तर वरचा तुटेल. हिसका दिला तर खालचा, कारण जडत्वामुळे गोळा हलायला विरोध करतो." मग दोरा हळू ओढला. वरचा तुटला, गोळा वाळूत धप्पकन पडला, मुलं खूश झाली.

हिसक्यासाठी एका उंच मुलाला पुढे बोलावलं. त्याने दोरा बोटाला गुंडाळला, ताणून धरला, श्वास घेतला आणि ओढला. तुटला वरचाच.

"जोरात ओढ रे, घाबरू नकोस." नवा दोरा बांधला. पुन्हा वरचाच तुटला.

तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतः हिसका दिला आणि खालचा दोरा तुटला. वर्गात टाळ्या पडल्या आणि कुणीतरी "बाईंच्या हातात जादू आहे" असं म्हणालं. बाईही हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"बाई, म्हणजे आधीच्या दोन वेळा जडत्वाचं बल कमी पडलं का?"

घंटा व्हायला चार-पाच मिनिटं उरली होती. "जडत्व हे बल नाही, जडत्व हा गुणधर्म आहे," बाई म्हणाल्या. उत्तर बरोबर होतं. मुलीने मान डोलावली आणि खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मागच्या बाकावरूनही दिसत होतं.

अडचण

त्या दिवशी घरी करायला एकच काम दिलं होतं: टांगलेल्या गोळ्याचं चित्र काढा, खालचा दोरा ओढला जात असताना गोळ्यावर कोणकोणती बलं आहेत ती बाणांनी दाखवा. दुसऱ्या दिवशी वह्या आम्ही दोघांनी मिळून पाहिल्या. हवे होते तीन बाण: पृथ्वीचं आकर्षण खाली, खालच्या दोऱ्याची ओढ खाली, वरच्या दोऱ्याची ओढ वर. निम्म्याहून जास्त वह्यांत चौथा बाण होता, वरच्या दिशेला, आणि त्यापुढे लिहिलं होतं "जडत्व". एका मुलाने त्याला किंमतही दिली होती, पाच न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक, एक किलोचं वजन साधारण दहा न्यूटन).

गंमत अशी की यातल्या बहुतेकांनी त्याच पानावर "जडत्व हे बल नसून गुणधर्म आहे" हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. वाक्य पाठ आणि चित्रात बाण, दोन्ही शेजारी शेजारी.

बाण आला कुठून? माझ्या मते आपल्याच भाषेतून, आणि दोन वाटांनी. पहिली वाट "जड" या शब्दाची. "जड आणि चेतन" म्हणतो तेव्हा जड म्हणजे ज्याला स्वतःची हालचाल नाही ते. पण रोजच्या बोलण्यात जड म्हणजे वजनदार. मूल "जडत्व" ऐकतं तेव्हा त्याच्या कानावर "जडपणा" पडतो, आणि जडपणा हाताला जाणवतो तो खाली ओढणाऱ्या बलासारखाच. दुसरी वाट "विरोध" या शब्दाची. जडत्व बदलाला विरोध करतं, असं आपण सर्रास लिहितो. विरोध कोण करतं? ज्याच्याकडे जोर आहे तो. घर्षण विरोध करतं, भिंत विरोध करते, आणि या दोन्ही विरोधांत खरोखरचं बल असतं. मग जडत्वालाच बलांच्या रांगेतून का वगळायचं, हे मुलाने कसं ओळखावं?

मुलांची बाजू घ्यायची तर इतिहासही त्यांच्या बाजूने उभा राहतो. "इनर्शिया" हा लॅटिन शब्द, अर्थ आळस, निष्क्रियता. तो भौतिकशास्त्रात आणला खगोलशास्त्रज्ञ केप्लरने, आणि त्याच्या लेखी वस्तू आपणहून थांबायला बघते असा त्याचा अर्थ होता. चालती वस्तू कुणी न ढकलता चालतच राहू शकते हा विचार गॅलिलिओच्या उतारांवरच्या प्रयोगांतून पुढे आला आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने त्यात सरळ रेषेची अट स्पष्टपणे घातली. खुद्द न्यूटनने १६८७ च्या "प्रिन्सिपिया" या आपल्या ग्रंथात, तिसऱ्या व्याख्येत, जडत्वाला पदार्थाचं अंगभूत बल असंच म्हटलं आहे. बल या शब्दाचा आजचा काटेकोर अर्थ तेव्हा पुरता ठरलेला नव्हता. त्यामुळे चौथा बाण काढणारं मूल मंद आहे असं म्हणण्याआधी जरा थांबायला हवं.

म्हणजे एकात एक गुंतलेल्या दोन अडचणी होत्या. प्रयोग दोनदा का फसला हे आम्हालाच माहीत नव्हतं, आणि त्या फसण्याने मुलांच्या मनातला चौथा बाण आणखी पक्का केला होता. त्यांच्या हिशेबाने सगळं जुळत होतं: जडत्वाचं बल कधी पुरतं, कधी कमी पडतं.

समोर असलेले पर्याय

बाईंचा पहिला कल होता चौथ्या बाणावर लाल फुली मारून पुढे जाण्याकडे. अभ्यासक्रम मागे पडत होता आणि परीक्षेत व्याख्याच विचारतात. हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. पुष्कळ मुलं पुढच्या वर्गात, दुसऱ्या संदर्भात, आपणहून सावरतात. पण पाठ वाक्य आणि चुकीचा बाण एकाच पानावर पाहिल्यावर फुलीचा उपयोग होईल यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

दुसरा पर्याय, प्रयोग पुन्हा करून दाखवायचा आणि या वेळी चुकू द्यायचा नाही. इथे मी मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला: "गोळा हलका पडतोय. एक किलोच्या जवळपासचा घ्या. जडत्व वाढेल, खालचा हमखास तुटेल." बाईंनी तो टिपून घेतला. सल्ला चुकीचा होता. तो कसा, ते पुढे येईल.

तिसरा, व्हिडिओ दाखवायचा. तो आम्ही दोघांनीही लगेच बाजूला ठेवला. डोळ्यांसमोर दोनदा उलटं घडल्यावर पडद्यावर बरोबर घडलेलं दाखवणं म्हणजे मुलांना "तुमचे डोळे खोटे" असं सांगण्यासारखं झालं असतं.

चौथा पर्याय महागडा होता, वेळेच्या दृष्टीने. फसलेला प्रयोगच धडा म्हणून घ्यायचा, दोरा कधी आणि का तुटतो याचा आकडेमोडीने हिशेब करायचा, आणि त्याआधी वजन आणि जडत्व यांची गल्लत सोडवायची. टांगलेल्या गोळ्यात ही दोन्ही एकाच दोरीला लोंबकळत असतात, त्यामुळे तिथे ती सोडवता येत नाहीत. त्यासाठी आडव्या पृष्ठभागावर जावं लागणार होतं. बाईंनी हा पर्याय निवडला आणि पुढच्या धड्याचे तीन तास उसने घेतले.

दुसरा तास: देणारा कोण?

बाईंनी एक साधा नियम फळ्यावर लिहिला. प्रत्येक बाणापुढे तो देणाऱ्याचं नाव लिहायचं. देणारा वस्तूच्या बाहेरचा हवा.

पहिले तीन बाण सुटले: पृथ्वी, वरचा दोरा, खालचा दोरा. चौथ्या बाणापाशी वर्ग अडला. "गोळा स्वतःच," एक जण म्हणाला. "गोळा स्वतःला ओढतो?" दुसऱ्याने विचारलं. थोडी हसाहशी झाली. कुणीतरी हवेचं नाव सुचवलं, ते टिकलं नाही. शेवटी बऱ्याच जणांनी आपणहून बाण खोडला.

मला वाटलं होतं की काम झालं. तेवढ्यात हिसका देणारा तोच उंच मुलगा म्हणाला, "बाण खोडला, ठीक आहे. पण मग विरोध कोण करतं?"

निर्णयाचा पहिला खरा क्षण हा होता. देणाऱ्याचा नियम म्हणजे व्याकरण. तो चूक पकडतो, पण चुकीच्या जागी काय बसवायचं ते सांगत नाही. बाई त्या वेळी समजावून सांगू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. "उद्या गाडी आणते," म्हणाल्या.

तिसरा तास: गाडी

चार चाकांची, कमी घर्षणाची प्रयोगशाळेतली गाडी, गुळगुळीत टेबल, कडेला कप्पी. गाडीला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली सोडलेला, त्याच्या टोकाला ५० ग्रॅमचं माप. म्हणजे ओढ कायम साधारण अर्धा न्यूटन. गाडीचं वस्तुमान मापं ठेवून बदलायचं आणि एक मीटर अंतर जायला लागणारा वेळ मोजायचा.

या वेळी बाईंनी निकाल आधी सांगितला नाही. गाडीवर मापं ठेवून एकूण वस्तुमान दोन किलो केलं आणि विचारलं, "५० ग्रॅमने ही हलेल?" बहुतेक हात "नाही"च्या बाजूने वर आले. कारणही ठाम होतं: दोन किलोचं जडत्व ५० ग्रॅमच्या ओढीपेक्षा मोठं.

गाडी सोडली. ती हलली. अगदी आळसावलेली, पण पहिल्याच क्षणापासून, आणि हळूहळू वेग घेत गेली.

नंतर मोजमापं झाली. अर्ध्या किलोच्या गाडीला एक मीटर जायला साधारण दीड सेकंद, एक किलोला २.२, दोन किलोला ३.२. वस्तुमान वाढलं तसा वेग घ्यायला वेळ लागला, पण एकदाही गाडी जागेवर खिळून राहिली नाही. घर्षण आणि लोंबणारं माप यांचा हिशेब धरला तर आकडे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाशी (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर) नीट जुळतात. मी ते घरी तपासले.

मग बाईंनी जे केलं ते आमच्या ठरवण्यात नव्हतं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली चाल तीच होती. त्यांनी गाडी उलटी केली, चाकं वर. मापं वर नीट बसवली, दोन किलो तसेच ठेवले, आणि तोच ५० ग्रॅमचा ओढा लावला. गाडी ढिम्म. माप वाढवत वाढवत नेलं तरी बराच वेळ ढिम्म.

"आता विरोध कोण करतंय?"

"टेबल," वर्ग म्हणाला. "घर्षण."

"आणि मघाशी, चाकांवर असताना?"

कुणी बोललं नाही. घर्षणासारख्या विरोधी बलाला उंबरठा असतो. घर्षणाइतकी ओढ लागेपर्यंत वस्तू हलत नाही. जडत्वाला असा उंबरठा नाही. बाकी बलं एकमेकांना तोलत असतील तर कितीही मोठ्या वस्तुमानाला कितीही लहानसं बल लावा, वेग बदलणारच, फक्त सावकाश. जडत्व हे बल असतं तर दोन किलोच्या गाडीने ५० ग्रॅमला दाद दिली नसती. हे वाक्य बाईंनी नाही, मुलांनी तुकड्या-तुकड्यांनी जुळवलं.

एका मुलीने विचारलं, "जड वस्तू उचलायला उंबरठा असतो ना?" असतो, पण तो वजनाचा. पृथ्वीच्या ओढीइतकं बल लावल्याशिवाय वस्तू जमिनीवरून सुटत नाही. जड शब्दाची गाठ इथे सुटली. बाईंनी अंतराळातलं एक उदाहरण दिलं. १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात अंतराळवीरांचं वस्तुमान मोजायचं होतं, पण तिथे वजनकाटा शून्य दाखवणार. म्हणून त्यांना स्प्रिंग लावलेल्या खुर्चीवर बसवून तिचा झोका मोजला. वस्तुमान जास्त तर झोका सावकाश. वजन जाणवत नाही तिथेही जडत्व जागेवर असतं.

चौथा तास: दोऱ्याचा हिशेब

आता फसलेल्या प्रयोगाकडे. आधी दोरा मोजला. स्प्रिंगकाट्याला बांधून ओढला तर साधारण १० न्यूटनला तुटत होता, आणि ४० सेंटिमीटरचा तुकडा तुटण्याआधी सुमारे दोन सेंटिमीटर ताणला जात होता. गाठीपाशी तो लवकर तुटतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकसारख्या गाठी मारायची खबरदारी घेतली.

अर्ध्या किलोचा गोळा टांगला की वरच्या दोऱ्यावर पाच न्यूटन आधीच येतात. तो तुटायला आणखी पाच हवेत, म्हणजे दोरा आणखी एक सेंटिमीटर ताणला जायला हवा. वरचा दोरा ताणला जाणार कसा? गोळा खाली सरकला तरच. दुसरा कुठलाच मार्ग नाही. हाताने लावलेलं बल वरच्या दोऱ्यापर्यंत थेट पोहोचत नाही, ते गोळ्याच्या हालचालीतून पोहोचतं.

तेव्हा प्रश्न असा उरला: खालचा दोरा तुटायच्या आत गोळ्याला एक सेंटिमीटर खाली सरकायला वेळ मिळतो का?

वर्गात ढोबळ हिशेब केला. खालची ओढ शून्यापासून दहा न्यूटनपर्यंत वाढते, सरासरी पाच धरू. अर्ध्या किलोवर पाच न्यूटन म्हणजे त्वरण दर सेकंदाला १० मीटर प्रति सेकंद. एक सेंटिमीटर सरकायला सुमारे ०.०४५ सेकंद. वरच्या दोऱ्याचा वाढता ताण धरून नीट गणित केलं तर ०.०६ च्या आसपास येतं. ओढ याहून सावकाश वाढली तर वरचा तुटणार, याहून बरीच झटपट वाढली तर खालचा.

आता उंच मुलगा आठवा. त्याने दोरा आधी ताणून धरला होता आणि मग हात हलवला. स्थिर हाताला वेग घ्यायलाच वेळ लागतो. साधारण हाताने दोन सेंटिमीटर ताण द्यायला पाच-सहा शतांश सेकंद सहज जातात, म्हणजे बरोबर सीमेवर. बाईंनी मात्र नकळत दोऱ्याला वीतभर ढील ठेवून हिसका दिला होता. ढील संपेपर्यंत हाताला सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वेग आलेला, त्यामुळे दोन सेंटिमीटरचा ताण एका शतांश सेकंदात. एवढ्या वेळात गोळा सरकतो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि वरच्या दोऱ्याला त्याची खबरही लागत नाही. जादूचा उलगडा झाला. मुलांनी दोन्ही प्रकारे करून पाहिलं. ढील ठेवली की जवळपास दरवेळी खालचा, ताणून धरून बिचकत ओढला की बहुधा वरचा.

मग एका मुलाने त्या शतांश सेकंदातलं गोळ्याचं त्वरण काढलं. दोरा तुटतो त्या क्षणी खालची ओढ दहा न्यूटन, म्हणजे त्वरण दर सेकंदाला २० मीटर प्रति सेकंद. मुक्त पडणाऱ्या वस्तूच्या दुप्पट! ज्या गोळ्याला "जडत्वाने हलू दिलं नाही" असं आम्ही सगळे म्हणत होतो, त्याचं त्या क्षणीचं त्वरण पडणाऱ्या दगडापेक्षाही जास्त होतं. जडत्वाने कुणाला अडवलं नव्हतं. गोळ्याला फक्त वेळ मिळाला नव्हता. मला स्वतःला हे त्या दिवसापर्यंत इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं, हे कबूल करतो.

राहता राहिला माझा सल्ला. बाईंनी वर्गासमोरच विचारलं, "सरांनी मोठा गोळा घ्यायला सांगितलंय. घ्यायचा?" ८०० ग्रॅमचा गोळा टांगला तर वरच्या दोऱ्यावर आधीच आठ न्यूटन, उरतात दोनच. म्हणजे चार मिलिमीटर सरकला की संपलं. नीट गणिताने सीमा ०.०६ वरून ०.०४५ सेकंदावर येते, म्हणजे हिसका आणखी झटपट हवा. गोळा मोठा केल्याने जडत्व वाढतं, पण वजनही वाढतं, आणि वजन वरच्या दोऱ्याची ताकद आधीच खाऊन टाकतं. उलट १०० ग्रॅमचा घेतला तर सीमा ०.०४ वर येते. अर्ध्या किलोच्या जवळपासचा गोळाच या दोऱ्याला सगळ्यात सोयीचा निघाला, आणि तो बाईंनी केवळ कपाटात हाताला लागला म्हणून घेतला होता.

परिणाम

पंधरा दिवसांनी एक छोटी चाचणी घेतली. प्रश्न: अंतराळयानात तरंगणारे दोन एकसारखे बंद डबे, एक भरलेला, एक रिकामा, न उघडता कसे ओळखाल? बहुतेकांनी दोन्ही डबे सारख्या जोराने ढकलायचे आणि कोणता सावकाश निघतो ते पाहायचं असं लिहिलं. जडत्वाचा बाण थोड्याच वह्यांत परतला होता. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने चित्राखाली लिहिलं होतं: "जडत्वाला बाण काढायचा नाही, कारण देणारा नाही. ते वस्तूच्या आत वस्तुमान म्हणून लिहायचं." तिने तसं लिहिलंही होतं, डब्याच्या मधोमध, किलोग्रॅममध्ये.

पण दुसऱ्या प्रश्नाने आमचा आनंद उतरवला. बसने करकचून ब्रेक लावला की प्रवासी पुढे जातो, त्याच्यावरची बलं दाखवा. इथे निम्म्या वर्गाने पुढे जाणारा बाण काढला, आणि त्यापुढे लिहिलं "गतीचं जडत्व". देणारा कोण, हा नियम त्यांना आठवला नाही असं नाही. काहींनी देणारा म्हणून "बस" लिहिलं! बस तर थांबताना प्रवाशाला मागे ओढते, आसनाच्या घर्षणातून. त्याचा वेग बसइतक्या झटपट कमी करायला ते बल पुरेसं नसतं म्हणून तो बसच्या मानाने पुढे जात राहतो. पण गचका अंगाने अनुभवलेला असतो, आणि अंगाला तो ढकलल्यासारखाच लागतो. (वेग बदलणाऱ्या बसच्या आत बसूनच हिशेब मांडायचा तर असं एक मानीव बल धरावं लागतं, ते पुढे अकरावीत येतं. नववीत त्याचं नाव काढलं तर चौथा बाण मागच्या दाराने परत येईल, म्हणून बाईंनी ते टाळलं. मला ते पटलं.)

काय वेगळं करता आलं असतं

निकाल आधी सांगायला नको होता, हे उघड आहे. गाडीच्या तासाला अंदाज आधी विचारला तेव्हा वर्गाची खरी समजूत पाच मिनिटांत बाहेर आली. पहिल्या दिवशी ती बाहेर यायला प्रयोग फसावा लागला आणि वह्या तपासाव्या लागल्या.

क्रमही उलटा असायला हवा होता. दोन दोऱ्यांचा प्रयोग जडत्वाची ओळख म्हणून सुरुवातीला दाखवतात, पण त्यात वजन, ताण, दोऱ्याचं लांबणं आणि वेळ अशा चार गोष्टी एकत्र आहेत. ओळख करून द्यायला तो फार गुंतागुंतीचा आहे. आधी गाडी, चाकांवर आणि उलटी, आणि मग दोरे, असं केलं असतं तर एक तास वाचला असता असं बाईंचं म्हणणं आहे. मला तशी खात्री नाही. फसलेल्या हिसक्याने मुलांना जो प्रश्न पडला तो नसता, तर दोऱ्याच्या हिशेबात त्यांनी इतका जीव घातला असता का?

बसचा प्रश्न चाचणीत नव्हे, वर्गात यायला हवा होता. चालत्या वस्तूचं जडत्व आम्ही जवळपास सोडूनच दिलं. गाडी थांबलेली असताना सुरू कशी होते तेवढंच पाहिलं, चालती गाडी थांबवायला काय लागतं ते नाही. तीच गाडी, तोच ५० ग्रॅमचा ओढा, पण उलट्या दिशेने लावलेला, एवढ्यावर ते भागलं असतं.

एका मुद्द्यावर आमचं आजही जमत नाही. "जडत्व म्हणजे बदलाला असलेला विरोध" हे वाक्य टिपणांत ठेवायचं की नाही? बाई म्हणतात, परीक्षेत तेच लागतं, ठेवू आणि समजावू. मी म्हणतो, "वस्तुमान जास्त, तर तेवढ्याच बलाने तेवढ्याच वेळात वेग कमी बदलतो" असं लिहू, लांब झालं तरी चालेल. सध्या दोन्ही लिहून देतो, एकाखाली एक.

आणि प्रयोगाच्या नोंदवहीत बाईंनी पुढच्या वर्षासाठी एक ओळ लिहून ठेवली आहे: गोळा ५०० ग्रॅम, मोठा घेऊ नये, साधा सुती दोरा, खालच्या दोऱ्याला वीतभर ढील, पहिला हिसका मुलांना देऊ द्यावा, ढिलीबद्दल काही न सांगता.